धरणात लाख कोटी, नळाला थेंब नाही: संशोधनाचा पैसा वाहतो कसा?

रविवारी सकाळी आमच्याकडे इंदुरात पोहे-जिलबी असते, आणि पोह्यांवर जीरावन मसाला पडला की कोणीतरी पेपर उघडतोच. त्या रविवारी नानांनी मोठ्याने वाचलं, "संशोधनासाठी सरकारचा एक लाख कोटींचा निधी." शेजारच्या काकू शेवेची वाटी पुढे सरकवत होत्या. हात तसाच ठेवून म्हणाल्या, "एक लाख कोटी? अहो, मग आमच्या धाकटीची फेलोशिप पाच महिने का अडलीये?"

काकूंची धाकटी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका विद्यापीठात पीएचडी करते. विषय सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक. पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर विषाणू नेते आणि पानं पिवळी पडतात, तो रोग. माळव्यातल्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. ही मुलगी परीक्षा देऊन फेलोशिप मिळवते, शेतकऱ्याच्या कामाचा विषय घेते, आणि खोलीचं भाडं मात्र घरून मागवते.

"सरकारी काम, सहा महिने थांब," म्हणून नानांनी विषय मिटवला. मला मिटवता येईना. मी ३४ वर्षं कॉलेजच्या लेखा विभागात काढली, त्यातली निम्मी संशोधन अनुदानांच्या फायली सांभाळण्यात. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं, पण जिलबी गार व्हायच्या आत ते सांगून होण्यासारखं नव्हतं.

एवढं आधीच सांगतो की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लाख कोटीही खरे आणि पाच महिनेही खरे. इंदूरकराला हे कळायला जड जाऊ नये. नर्मदा वर्षभर वाहते, नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पाणी पंपाने चढवून शहरात आणतात, आणि तरी आपल्या बहुतेक वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतो. नदीत पाणी किती आहे हा एक प्रश्न, आणि माझी बादली कधी भरेल हा दुसरा.

## शंभर रुपयांतले चौसष्ट पैसे

आधी नदी मोजू. देशाने वर्षभरात जेवढं उत्पन्न निर्माण केलं त्याला जीडीपी म्हणतात. त्यातला किती हिस्सा नवं ज्ञान आणि नवं तंत्र शोधण्यावर खर्च झाला, यावरून देश संशोधनाला किती महत्त्व देतो हे जोखलं जातं. २०२०-२१ चा सरकारी आकडा आहे ०.६४ टक्के. शंभर रुपयांच्या कमाईत चौसष्ट पैसे.

रुपयांत मोजलं तर ही रक्कम सव्वा लाख कोटींच्या थोडी वर जाते. २०१०-११ मध्ये ती साधारण ६० हजार कोटी होती. म्हणजे दहा वर्षांत दुप्पट. मंत्री दुप्पट म्हणतात ते खोटं नसतं. पण त्याच काळात देशाची कमाई त्याहून जोरात वाढली, त्यामुळे टक्केवारी उलट घसरली. बापाचा पगार तिप्पट झाला आणि मुलाच्या पुस्तकांचा खर्च दुप्पट केला, तर घर शिक्षणावर जास्त खर्च करतंय की कमी? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि संसदेतली निम्मी भांडणं यावरच चालतात.

चीन आपल्या कमाईचा अडीच टक्क्यांच्या आसपास भाग यावर घालवतो, दक्षिण कोरिया पाचच्या जवळपास.

आता या सव्वा लाख कोटींत कोणाचा वाटा किती? केंद्र सरकारची खाती आणि संस्था ४३.७ टक्के, खासगी उद्योग ३६.४, राज्य सरकारं ६.७, सरकारी कंपन्या ४.४. विद्यापीठं, कॉलेजं, आयआयटी अशा सगळ्या उच्च शिक्षण संस्था मिळून ८.८ टक्के. केंद्राच्या मोठ्या वैज्ञानिक खात्यांत पहिला नंबर संरक्षणाचा, मग अवकाश, मग शेती, मग अणुऊर्जा. रॉकेट उडतं तेव्हा आपण टाळ्या वाजवतो आणि ते योग्यच आहे. पण रॉकेट उडवणारी मुलं ज्या वर्गात शिकली, त्या वर्गाच्या प्रयोगशाळेचा पैसा त्या ८.८ मध्ये आहे.

## 'आधी पोटाला, मग विज्ञान'

हा आक्षेप मी आयुष्यभर ऐकला. गरीब देशाने आधी रस्ते, दवाखाने, शाळा बघाव्यात. संशोधन ही श्रीमंतांची हौस. ऐकायला माणुसकीचं वाटतं. पण याचं उत्तर शोधायला आपल्याला परदेशात जावं लागत नाही, आपल्याच गावच्या मातीत ते आहे.

साल १९२४. छप्पनचा, म्हणजे संवत १९५६ चा (इ.स. १८९९-१९००), दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेली माणसं इंदुरात हयात होती. त्या काळात होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली आणि तिथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली. आज त्याच जागी आपलं कृषी महाविद्यालय आहे. प्रमुख होते इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड. बिहारमधल्या पुसाच्या सरकारी संस्थेत त्यांची जवळपास दोन दशकं गेली होती. तिथे बुरशीवाले वेगळे, किडीवाले वेगळे, झाडवाले वेगळे, आणि प्रत्येकाची फाइल वेगळी. त्याला ते कंटाळले होते. त्यांची पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांना एकच शेत हवं होतं, जिथे पीक, माती, गोठा आणि शेतकरी एकत्र बघता येतील.

पैसा कुठून आला? हा भाग मला फार आवडतो. १९२३ मध्ये कापसावर उपकर लावणारा कायदा झाला. उपकर म्हणजे ठरावीक कामासाठीच वसूल केलेला छोटा कर. प्रत्येक गाठीमागे काही आणे. ते आणे जमा होत भारतीय मध्यवर्ती कापूस समितीकडे, आणि समिती ते कापसाच्या संशोधनावर खर्च करी. इंदूरच्या संस्थेला या समितीने अनुदान दिलं, मध्य भारतातल्या संस्थानांनी आपला वाटा घातला.

त्या शेतावर जे तयार झालं ते जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखलं गेलं. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, चुलीतली राख, यांचे थर रचायचे, ओल राखायची, ठरल्या दिवशी खालवर करायचे. साधारण तीन महिन्यांत खत तयार. शेतकरी उकिरडा पिढ्यान्‌पिढ्या करतच होता. हॉवर्ड यांनी त्यात मोजमाप आणलं: किती थर, किती ओल, कधी पलटायचं, हवा कशी खेळेल. १९३१ मध्ये त्यावरचं पुस्तक छापलं गेलं, आणि केनियातल्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत आपल्या गावाचं नाव पोचलं. आज आपण ओला कचरा वेगळा देतो, देवगुराडियाच्या कचरा प्रकल्पात त्यापासून गॅस होतो, स्वच्छतेचा पहिला नंबर मिरवतो. कचऱ्याचं सोनं करायचा या गावाचा नाद नव्वद-शंभर वर्षं जुना आहे, हे मात्र नव्या पिढीला कोणी सांगत नाही.

मुद्दा असा की ही हौस नव्हती. खताला पैसे नसलेल्या शेतकऱ्यासाठी ते काम होतं. श्रीमंत देशात तयार झालेलं ज्ञान उसनं घेता येतं, पण माळव्याची काळी माती, इथली पांढरी माशी, इथला पाऊस यांचा अभ्यास दुसरा कोण का करील? ब्राझीलमध्ये हेक्टरी तीन टनांच्या वर सोयाबीन निघतं, आपल्याकडे सरासरी एक टनाच्या आसपास. त्यांचं बियाणं आणून पेरलं तर ते आपल्या उन्हा-पावसात टिकत नाही. आपल्याकडे चाललं ते जेएस ३३५. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं वाण, सरकारी पैशातून तयार झालेलं, १९९४ चं. पुढे ते विदर्भ-मराठवाड्यातही घरोघरी पोचलं.

## 'कंपन्या का करत नाहीत?'

नानांचा आवडता प्रश्न. बाजारात एवढा पैसा आहे, मग सरकारनेच का?

सराफ्यातला, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या आपल्या सराफा बाजारातला, एखादा हलवाई घ्या. त्याने ठरवलं की दहा वर्षं खर्च करून अशी मावाबाटी शोधायची जी महिनाभर टिकेल. दहापैकी नऊ प्रयोग फसणार. दहावा जमला, की दुसऱ्या संध्याकाळी समोरच्या दुकानात तीच मावाबाटी दोन रुपये कमी भावाने. तो खर्च करील का? पेटंट घेता येतं, पण प्रत्येक गोष्टीचं घेता येत नाही. इंदूर पद्धतीचं खत कोणी पुडीत बांधून विकू शकत नव्हतं. ती एक रीत होती. एकाला कळली की सगळ्यांना कळली. ज्या ज्ञानाचा फायदा सगळ्यांना होतो, त्याचं बिल एकट्याने भरायला कोणी पुढे येत नाही. म्हणून ते सगळ्यांनी मिळून भरायचं, गाठीमागे आण्याने किंवा कराने.

पण नानांच्या बोलण्यात तथ्यही आहे, आणि ते मान्य करायला हवं. अमेरिका, चीन, कोरिया, जपान इथे संशोधनाच्या खर्चाचा मोठा भाग, दोन तृतीयांशाहून जास्त, उद्योग करतात. आपल्याकडे जेमतेम एक तृतीयांशाच्या वर. आपल्या बऱ्याच कंपन्यांना तंत्र विकत आणणं स्वस्त पडतं. मध्यंतरी सरकारने गाजरही दाखवलं होतं: कंपनीने आपल्या प्रयोगशाळेवर १०० रुपये खर्च केले तर करासाठी २०० रुपये खर्च धरायचे. ही सवलत नंतर १५० वर आली आणि २०२० पासून १०० वर, म्हणजे इतर खर्चाला मिळते तेवढीच.

## तर ते लाख कोटी कोणासाठी?

आता बातमीकडे येऊ. या योजनेला मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ ला मंजुरी दिली आणि ३ नोव्हेंबर २०२५ ला पंतप्रधानांनी ती सुरू केली. मथळ्यात 'निधी' शब्द असतो, त्यामुळे वाटतं की हे पैसे वाटायचे आहेत. हे मुख्यतः कर्ज आहे. केंद्र सरकार पन्नास वर्षांच्या बिनव्याजी मुदतीवर पैसा देणार. तो 'अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान' या संस्थेतल्या एका खास खात्यात राहणार. तिथून निधी सांभाळणाऱ्या संस्थांकडे, आणि त्यांच्याकडून कंपन्यांना, कमी किंवा शून्य व्याजाचं दीर्घ मुदतीचं कर्ज म्हणून किंवा भांडवलातला हिस्सा म्हणून.

कोणत्या कंपन्यांना? इथे एक परिभाषा समजून घ्यावी लागेल: टीआरएल, म्हणजे तंत्रज्ञान किती पिकलं आहे याची १ ते ९ अशी मोजपट्टी. पुन्हा सराफ्यात जाऊ. रव्याऐवजी दुसरं काही वापरून बघू अशी नुसती कल्पना, ही पहिली पायरी. घरच्या कढईत एक घाणा जमला, ही चौथी. ठेल्यावर चार गिऱ्हाइकांनी खाऊन पुन्हा मागितलं, सहावी-सातवी. कारखान्यात रोज पाच हजार पाकिटं निघतात, नववी. लाख कोटींचा हा निधी चौथ्या पायरीपासून वरच्यांसाठी आहे.

काकूंची धाकटी पहिल्या-दुसऱ्या पायरीवर आहे. विषाणूची कोणती जात कोणत्या शेतात आहे, हे ती शोधते. त्याची उद्या कंपनी निघणार नाही. तिच्या पायरीसाठी वेगळा पैसा आहे: याच प्रतिष्ठानचा मूळ कायदा २०२३ चा, आणि तेव्हा पाच वर्षांसाठी ५० हजार कोटी असं जाहीर झालं होतं. त्यातले सरकारचे १४ हजार कोटी. बाकी सुमारे ३६ हजार कोटी उद्योग आणि देणगीदारांकडून यावेत अशी अपेक्षा. लग्नाच्या पत्रिकेवर जेवणाचा मेनू छापला आणि तीन चतुर्थांश शिधा पाहुण्यांनी आणायचा, असं काहीसं. येईलही, पण पंगत बसण्याची वेळ आधी कशी ठरवणार?

वरच्या पायऱ्यांना पैसा देणं चूक आहे असं मी म्हणत नाही. चांगल्या कल्पना कढईतच करपून जातात हे दुखणं खरं आहे. पण चौथ्या पायरीवर येणारा प्रत्येक जण कधीतरी पहिल्या पायरीवर उभा होता.

## मग नळ कोरडा का?

आता माझ्या धंद्याची गोष्ट. फेलोशिप आहे महिन्याला ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार. १ जानेवारी २०२३ पासूनचे दर. वर घरभाडं. रक्कम वाईट नाही. वाईट आहे तो प्रवास.

विद्यार्थ्याची हजेरी गाईडच्या सहीने विभागात जाते. विभागातून लेखा शाखेत. तिथून पोर्टलवर. पोर्टलवरून दिल्लीच्या एजन्सीकडे. तिथे त्या 'हेड'मध्ये पैसा शिल्लक असेल तर पुढे. हेड म्हणजे खर्चाचा कप्पा. पगाराच्या कप्प्यातून रसायन घेता येत नाही आणि रसायनाच्या कप्प्यातून प्रवास करता येत नाही. यातल्या एकाही माणसाने आळस केला नाही तरी महिना जातो. आणि एक जण रजेवर असला की साखळी थांबते.

प्रकल्पाच्या अनुदानात आणखी एक दरवाजा असतो, यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र: मागच्या हप्त्याचा पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला, असं संस्थेने लिहून द्यायचं. ते मान्य झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. अनुदानावर बँकेत व्याज मिळालं तर तेही सरकारला परत. हे सगळं योग्यच आहे. पैसा लोकांचा आहे.

पण एकदा काय झालं ते सांगतो. आमच्या एका प्रकल्पाचं यूसी परत आलं. कारण: प्रमाणपत्रातलं व्याज आणि बँकेच्या दाखल्यातलं व्याज यांत १८ रुपयांचा फरक. आम्ही हिशेब बंद केला आणि त्यानंतर बँकेने सहामाहीचं राहिलेलं व्याज टाकलं होतं. नवं प्रमाणपत्र, नव्या सह्या, सनदी लेखापालाचा नवा शिक्का, पुन्हा टपाल. चार महिने गेले. त्या प्रकल्पावरचा मुलगा हुशार होता, घरची परिस्थिती बेताची. तिसऱ्या महिन्यात तो भंवरकुआच्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागला आणि परत आला नाही. मी ते अठरा रुपये खिशातून भरले असते, पण नियमात तेही बसत नव्हतं.

यात खलनायक कोण? तेव्हाही मला सापडला नाही. दिल्लीतल्या कारकुनाने फरक सोडून दिला असता तर ऑडिटने त्यालाच धरलं असतं. प्रत्येक जण आपली कातडी वाचवत होता, आणि कातडी वाचवणं हाच कामाचा नियम होऊन बसला होता.

## 'मग नियमच काढून टाका'

लेखा विभागातला माणूस हे ऐकून दचकतो. नियम काढले की काय होतं तेही मी पाहिलं आहे: एकाच दुकानाच्या तीन नावांनी आलेली तीन कोटेशनं. शिवाय खरा गोंधळ कधीकधी प्रयोगशाळेत नसतोच, त्याच्या फार वर असतो.

कापसाचा उपकर आठवा. आता दुसरा उपकर बघा. १९८६ मध्ये कायदा झाला: परदेशातून तंत्र विकत आणताना जी रक्कम द्याल, तिच्यावर ५ टक्के उपकर. हेतू असा की बाहेरचं तंत्र आणणाऱ्यांनी देशी तंत्राच्या वाढीला हातभार लावावा. पुढे त्यासाठी तंत्रज्ञान विकास मंडळही निघालं. जीएसटी आला तेव्हा २०१७ मध्ये हा उपकर बंद झाला. दोन दशकांत त्यातून सुमारे आठ हजार कोटी जमा झाले. मंडळाकडे पोचले ते दहाव्या हिश्श्याहून कमी. चोरी झाली नाही, पैसा सरकारच्या सामायिक तिजोरीत मिसळला आणि इतर कामांना गेला. कॅगने, म्हणजे सरकारचे हिशेब तपासणाऱ्या संस्थेने, त्यावर ताशेरे ओढले.

दोन उपकर, एकाच देशातले. पहिल्याचे आणे समितीकडे जात, समितीला एकच काम, आणि ते आणे शेताच्या बांधापर्यंत दिसत. दुसऱ्याचे कोटी मोठ्या हौदात पडले. म्हणून 'संशोधनासाठी नवा कर लावा' असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, तो कोणत्या हौदात पडणार?

खरेदीच्या नियमांत काही चांगलं झालं आहे, ते सांगितलं पाहिजे. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी मर्यादा वाढल्या: कोटेशन न मागवता एक लाखाऐवजी दोन लाखांपर्यंत खरेदी, खरेदी समितीमार्फत दहाऐवजी पंचवीस लाखांपर्यंत, आणि शास्त्रीय उपकरणं सरकारी ऑनलाइन बाजाराबाहेरूनही घ्यायची मुभा. ज्याने कधी 'सर्वांत कमी दर' या नियमापायी भेसळीचं रसायन घेऊन सहा महिन्यांचा प्रयोग वाया घालवला असेल, त्याला यातला दिलासा कळेल. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनेही विद्यापीठांच्या संशोधन अनुदानाला करातून सूट द्यायचं ठरवलं. त्याआधी अनुदानावर कर मागणाऱ्या नोटिसा गेल्या होत्या. सरकारने दिलेल्या पैशावर सरकारलाच कर.

## म्हैस एकदाच, वैरण रोज

यंत्र घ्यायला पैसा मिळतो, कारण यंत्राचं उद्घाटन करता येतं, फीत कापता येते. ते चालवायला लागणारी माणसं, वीज, देखभालीचा करार, यांचं उद्घाटन होत नाही. मी एका कॉलेजात असं यंत्र पाहिलं आहे, ज्याला खंडेनवमीला झेंडूचा हार पडायचा आणि बाकी वर्षभर चादर. एक सुटा भाग मिळत नव्हता आणि तंत्रज्ञाची जागा भरलेली नव्हती.

वैरण रोज मिळाली की काय होतं याचा नमुनाही आपल्याच शहरात आहे. सुखनिवासकडे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे; १९८४ मध्ये पायाभरणी. तिथलं इंडस-२ हे सुमारे १७२ मीटर घेराचं कडं. त्यात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि वळणांवर एक्स-किरणांचे प्रखर झोत सोडतात. देशभरातले संशोधक वेळ मागून घेतात आणि आपापला नमुना त्या झोतात ठेवतात. हे सगळं आपल्या कोणाच्या बापजन्मी कामाला येणार नाही असं वाटतं ना? त्याच केंद्राने इलेक्ट्रॉनचा वेग वाढवण्याचं तंत्र वापरून आपल्या चोइथराम मंडीत एक केंद्र उभारलं, आणि तिथे इलेक्ट्रॉनच्या झोताने वैद्यकीय साधनं निर्जंतुक होतात. कांदे-बटाट्यांच्या ट्रकांमधून वाट काढत तिथे जावं लागतं. चाळीस वर्षं रोज मिळालेली वैरण अशी कुठेतरी, अनपेक्षित ठिकाणी, दूध देते.

आता दुसरी बाजू. देशातले ८० टक्क्यांहून जास्त विद्यार्थी राज्यांच्या विद्यापीठांत आणि त्यांच्या कॉलेजांत शिकतात. आपलं होळकर सायन्स कॉलेज १८९१ चं, आयआयटी २००९ ची. दोन्ही एकाच शहराच्या. मास्तरांचा पगार राज्याकडून, संशोधनाचा पैसा मुख्यतः केंद्राकडून, आणि तो स्पर्धेने मिळतो. ज्याच्याकडे आधीच यंत्र, आधीच नाव, त्याचा अर्ज भारी. टाकीजवळच्या घराला पाण्याचा दाब जास्त, शेवटच्या गल्लीला धार करंगळीएवढी. नव्या प्रतिष्ठानने मोठ्या संस्थेभोवती लहान विद्यापीठं जोडण्याची योजना आणली आहे. कल्पना उत्तम. धार शेवटच्या गल्लीपर्यंत पोचते का, ते कळायला काही वर्षं जातील.

## 'शिकून परदेशीच जातात ना?'

जातात. माझा पुतण्याही गेला. पण कोरियाचं उदाहरण बघा. १९६६ मध्ये तिथे राष्ट्रीय संशोधन संस्था निघाली तेव्हा तो गरीब देशांतच मोजला जाई. त्यांनी परदेशात गेलेल्या आपल्या शास्त्रज्ञांना परत बोलावलं, आणि विद्यापीठातल्या प्राध्यापकांपेक्षा कितीतरी जास्त पगार दिला. लोकांनी नावं ठेवली, पण शास्त्रज्ञ आले. माणूस पगारासाठी जातो हे अर्धं खरं. प्रयोग वेळेवर करता यावा म्हणूनही जातो. पुतण्या सांगतो, तिकडे रसायन सोमवारी मागवलं की बुधवारी टेबलावर असतं. हे सांगताना त्याचा चेहरा पगार सांगतानापेक्षा जास्त खुलतो.

## १ फेब्रुवारीला काय बघायचं

पुढच्या अर्थसंकल्पाला मथळ्यावर थांबू नका. कागदपत्रांत प्रत्येक खात्यासमोर वेगवेगळे स्तंभ असतात. 'अंदाज' म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला काय देऊ म्हटलं. 'सुधारित अंदाज' म्हणजे वर्ष सरता सरता ते किती केलं. 'प्रत्यक्ष' म्हणजे खरंच किती गेलं. तो आकडा दोन वर्षं जुना असतो. घोषणा 'अंदाजा'ची होते. मी आधी 'प्रत्यक्ष' वाचतो, मग 'सुधारित'. आणि अधिक चौकस असाल तर बघा, वर्षाचा पैसा कोणत्या महिन्यात सुटला. मार्चमध्ये सुटलेला पैसा आकड्यात पूर्ण दिसतो आणि प्रयोगात शून्य.

हे सगळं काकूंना दोन रविवार लावून सांगितलं. तिसऱ्या रविवारी त्याच आल्या, हातात पेढ्यांचा पुडा. धाकटीची फेलोशिप २६ मार्चला जमा झाली, पाचही महिन्यांची एकदम. सोबत रसायनांसाठीची रक्कमही, आणि सूचना की ती ३१ मार्चच्या आत खर्ची पडली पाहिजे, नाही तर परत. तिने दोन दिवसांत धावपळ करून विषाणू तपासायचं किट मागवलं. ते फ्रीजरमध्ये ठेवलं आहे.

सोयाबीनची पेरणी जूनअखेर. पानं पिवळी पडतात ऑगस्टमध्ये. किटवरची शेवटची तारीख सप्टेंबरची आहे. पाऊस वेळेवर आला तर जमेल, असं ती म्हणते.